उजव्या हाताची जखम

पुस्तकात मारामारी नव्हतीच.

शाळेत असताना आपण सगळ्यांनी ज्याची छोटी आवृत्ती वाचलेली असते, त्या जातीचं ते पुस्तक. जंगलात वाट चुकलेला एक मोजणीदार, त्याच्या मागावर असलेला म्हातारा लांडगा, आणि मध्ये चारशे पानं नुसता बर्फ. शेवटी दोघंही उपाशी, दोघंही थकलेले. शेकोटीच्या या बाजूला माणूस, त्या बाजूला जनावर. सकाळी लांडगा उठतो, माणसाकडे एकदा बघतो आणि निघून जातो. संपलं. कैक पिढ्या या शेवटावर डोळे पुसत आल्या. त्यावर चित्रपट काढायला निघालेल्या टीव्हीच्या वाहिनीवाल्यांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "मग फाडतो कधी?"

झालं. दिग्दर्शकाने निमूटपणे चार मारामाऱ्या लिहिल्या. तीन माणसांशी, चौथी लांडग्याशी. पहिल्या तिन्ही पाच दिवसांत उरकल्या. त्यात एकाचा दात पडला, एकाच्या भुवईला टाके पडले, आणि नायकाच्या जागी मार खाणाऱ्या डमीच्या, सगळे ज्याला धाकटा म्हणत त्याच्या, पाठीवर कुऱ्हाडीच्या लाकडी दांड्याचे वळ उठले. दांडा खरा होता, पातं तेवढं रबरी. धाकट्याला त्याचं काही नव्हतं. अकरा वर्षं तो दुसऱ्यांच्या नावावर पडत, जळत, बुडत आला होता. गळ्याचं हाड दोनदा मोडलं होतं आणि एका कानाने त्याला कमी ऐकू यायचं. एवढं सोसूनही त्याचा चेहरा आजवर एकदाही पडद्यावर आलेला नव्हता. पाठ मात्र लोकांनी हजारदा पाहिली होती.

लांडगा होता भुऱ्या. म्हणजे तसा कुत्रा, पण राखाडी, उंच, पिवळ्या डोळ्यांचा. त्याला पाहून भलेभले दोन पावलं मागे सरायचे. तो धाकट्याच्या थोरल्या बहिणीचा. ती सिनेमासाठी जनावरं शिकवायची. सेटवर तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे लाइटदादासुद्धा. धाकटा तेवढा तायडे म्हणायचा. नवरा गेल्यापासून ताईच्या घरात श्वास घेणारं दुसरं कुणी असेल तर तो भुऱ्या. ती त्याच्यावर जीव टाकायची, आणि हे कुणापासून लपवायचीही नाही.

पण भुऱ्याच्या कार्डावर एक लाल शेरा होता. दोन वर्षांपूर्वी एका जाहिरातीच्या शूटिंगला एका शहाण्या नटाने गंमत म्हणून त्याच्या पोटात बूट घातला, आणि भुऱ्याने त्याची पोटरी फोडली. बूट कुणी लिहून ठेवला नाही, पोटरी लिहिली. प्राणी खात्याने बजावलं होतं की पुन्हा माणसाला चावला तर मरणाची सुई टोचायची. त्यातून सुटका एकच, चूक माणसाची आहे असं सिद्ध झालं तर. तेव्हापासून ताई डोळ्यांत तेल घालून काम करायची.

या चित्रपटासाठी तिने त्याला तीन महिने एकच गोष्ट शिकवली होती. शॉटची पाटी खटकन वाजली की सुटायचं, समोरच्या माणसाचा डावा हात धरायचा, आणि "सोड" ऐकलं की सोडायचं. डाव्या हातावर कोटाच्या आत चामड्याची जाड बाही. रोज सकाळी अंगणात धाकटाच ती बाही चढवायचा आणि भुऱ्या त्याला लोळवायचा. दोघांनाही त्यात मजा यायची. "कुत्र्याला बाही दिसत नाही," ताई सगळ्यांना सांगायची, "त्याला हात दिसतो. डावा म्हणजे डावा." आणि प्रत्येक शॉटआधी ती स्वतःच्या हाताने बाही दाबून बघायची. हा तिचा नियम होता, आणि तो तिने कधी मोडला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी एका बंद गोदामात सेट लागला होता. जमिनीवर बर्फ म्हणून मीठ आणि कागदाचा भुगा. सिनेमावाल्यांचं सगळं उलटंच. आधी मरतात, मग जन्मतात. नायकाला दुपारी दुसरीकडे जायचं होतं, म्हणून लांडगा चावल्यानंतरचा त्याचा चेहरा आणि जखम हे आधी चित्रित झालं. मेकअपदादाने समोर उभं राहून जखम रंगवली, ती स्वतःच्या डाव्या बाजूला, म्हणजे नायकाच्या उजव्या हातावर. अशी झकास जखम की नायकाला स्वतःलाच मळमळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नायक गाडीत बसून गेला आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं. जखम उजव्या हाताला झालेली आहे. आता चावाही उजव्या हातालाच हवा.

दिग्दर्शकाने धाकट्याला बाजूला घेतलं. "बाही उजवीकडे चढव. आणि ताईंना सांग." वर म्हणाला, "हा शॉट समोरून घेतोय. तुझा चेहरा दिसणार. दाढीत कोण ओळखतंय तू की तो?"

धाकट्याने मान डोलावली. ताईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पंधरा दिवस द्या, कुत्र्याला पुन्हा शिकवते. पंधरा दिवस कुणाकडे नव्हते. शॉट रद्द झाला असता आणि चेहराही गेला असता. त्याने मनाशी हिशोब केला, आयत्या वेळी अंग वळवायचं आणि उजवा हात पुढे द्यायचा. अकरा वर्षं त्याचे असे हिशोब बरोबर आले होते.

हे सगळं ताईला नंतर कळलं. तेव्हा ती तीस पावलांवर भुऱ्याचा पट्टा धरून उभी होती आणि दिग्दर्शक ओरडत होता, "ताई, छपरातलं ऊन सरकतंय! चला, चला!" ती बाही बघायला निघाली तर मध्ये कॅमेऱ्याचे रूळ, रुळांवर माणसं. तिने लांबूनच अंगठा दाखवला. धाकट्यानेही अंगठा दाखवला. तेवढ्यावर भागलं.

पाटी वाजली.

भुऱ्या सुटला. मीठ उडवत, आवाज न करता, पोट जमिनीला लावून. धाकट्याने कुऱ्हाड उगारली, अंग वळवलं, उजवा हात पुढे केला. भुऱ्याने त्या हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिकवल्याप्रमाणे बगल देऊन तो आत शिरला आणि त्याने डावा हात कोपराखाली धरला.

दोघं आडवे झाले. भुऱ्याने मान झटकली, एकदा, दोनदा. कोटाचं कापड टरकन फाटलं. मिठावर लाल चिळकांडी उडाली. मेकअपदादा खुशीत येऊन शेजाऱ्याला कोपराने ढोसत म्हणाला, "माझी रक्ताची पिशवी बघ कशी फुटली!" धाकटा किंचाळला. किंचाळणं संहितेत होतं. त्याने गुडघा भुऱ्याच्या बरगड्यांत हाणला, तेही होतं. भुऱ्याने पकड घट्ट केली. कडकन आवाज आला, आणि तो मात्र संहितेत नव्हता. पण बहुतेकांनी त्याचं श्रेय आवाजवाल्याला दिलं. धाकट्याने कुऱ्हाडीचा दांडा भुऱ्याच्या डोळ्यावर घातला. मग पुन्हा घातला. भुऱ्याचा डोळा फुगून मिटला, तरी तो हात सोडेना. त्याला सोडायला कुणी सांगितलंच नव्हतं.

ताईच्या ओठांवर शब्द तयार होता. पण शॉट चालू असताना दिग्दर्शकाच्या "कट"आधी कुणी तोंड उघडायचं नाही, हा सेटवरचा रिवाज. पंचवीस वर्षं तिने तो पाळला होता. आणि काय चुकीचं घडत होतं? डावा हात, कोपराखाली, जसं शिकवलं तसं. दिग्दर्शकाचे डोळे चमकत होते. तो "कट" म्हणत नव्हता.

"तायडे!" धाकटा ओरडला. "तायडे, सोडव!"

पुस्तकातल्या मोजणीदाराला बहीण नव्हती.

"सोड!" ताई जीव खाऊन ओरडली, आणि रूळ, माणसं, दिवे ओलांडत धावली. भुऱ्याने त्याच क्षणी सोडलं. दोन पावलं मागे सरला, खाली बसला आणि एका डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला, शाबासकीची वाट पाहत. त्याच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं.

धाकट्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा पडला होता. आत पांढरं दिसत होतं. तो मिठात लोळत होता, आणि जिथे लोळेल तिथे मीठ त्या हातात शिरत होतं, म्हणून तो आणखी लोळत होता. असा आवाज ताईने माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग सगळ्यांना एकदमच कळलं आणि सगळ्यांचंच डोकं फिरलं. एका लाइटदादाने दिव्याचा लोखंडी स्टँड उचलून भुऱ्याच्या पाठीत घातला. दुसऱ्याने लाथ मारली. तिसरा पाइप घेऊन आला. "मारा! मारा साल्याला!" भुऱ्या उठला नाही, उलटला नाही. "सोड"नंतर बसून राहायचं, एवढंच त्याला माहीत होतं. स्टँडचा दुसरा फटका बरगड्यांवर बसला आणि त्याच्या तोंडून हवा निघून गेल्यासारखा आवाज आला. ताईने भावाकडे पाहिलं. त्याच्याभोवती चारजण होते, कुणी पंचा आवळत होतं, कुणी डॉक्टरला फोन लावत होतं. कुत्र्याजवळ फक्त मारणारे होते. तिने स्वतःला भुऱ्यावर झोकून दिलं. पाइप तिच्या खांद्यावर आला, मग पाठीवर, मग मारणाऱ्याला आपण कुणाला मारतोय ते दिसलं आणि तो थांबला.

"ताई, बाजूला व्हा," तो धापा टाकत म्हणाला.

"हात लावून तर बघ," ताई म्हणाली. "या वेळी मी चावेन."

धाकट्याला दवाखान्यात नेलं, भुऱ्याला पिंजऱ्यात कोंडलं. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे जाऊन नुकतंच चित्रित झालेलं पुन्हा बघत होता. त्याचा चेहरा पडला होता, पण बघणं थांबलं नव्हतं.

संध्याकाळी ड्रेसदादा फाटका कोट घेऊन ताईकडे आला. बिचाऱ्याला वाटलं, तिला हवा असेल. कोटाच्या उजव्या अस्तनीतून त्याने बाही ओढून काढली. ताईने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. चामड्यावर दाताचा एकही नवा ओरखडा नव्हता.

"ही उजवीकडे कुणी चढवली?"

"तुमच्या भावानेच," ड्रेसदादा म्हणाला. "म्हणाला, ताईला माहीत आहे."

ताई खाली बसली. तिला भावाचा राग आला, आणि त्या रागात ती स्वतःही होती. नुसता अंगठा दाखवून ती मोकळी झाली होती.

दवाखान्यात धाकटा उशीला टेकून बसला होता. बेचाळीस टाके, एक हाड मोडलेलं, दोन बोटं यापुढे हलणार नाहीत. तिने बाही त्याच्या मांडीवर टाकली. त्याने सगळं सांगितलं. अगदी चेहऱ्यापर्यंत.

"परवा खात्याची बाई येतेय," ताई म्हणाली. "हेच सगळं तिला सांग. चूक माणसाची होती असं ठरलं तर भुऱ्या वाचतो."

"आणि माझं काय? शिकवणाऱ्यापासून बाही लपवली म्हटल्यावर स्टंटवाल्यांची संघटना मला काढून टाकेल. शॉटही फेकून देतील; नाहीतर त्याच्याशी जुळवायला नायकाची जखमच डाव्या हातावर पुन्हा घेणार आहेत. दिग्दर्शक म्हणालेत, पुढच्या चित्रपटात खलनायकाचं काम देतो. चेहऱ्यासकट." तो थांबला. "तायडे, कुत्राच आहे ना शेवटी. दुसरा आण."

ताईने त्याचं बँडेज पकडलं. ठरवून नाही, हात गेला आणि मूठ वळली. धाकट्याने पाठीची कमान केली आणि तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पांढऱ्या पट्टीवर रुपयाएवढा लाल डाग आला आणि पसरत गेला. तो पसरताना ताई बघत राहिली. त्या क्षणी तिला त्याची दया आली नाही, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. नर्स धावत आली तेव्हा कुठे तिने मूठ सोडली.

तिसऱ्या दिवशी खात्याच्या बाई आल्या. चष्मा लावलेल्या, थकलेल्या, हातात फाइल आणि एक लहानशी पेटी. त्या पेटीत काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. गोदामाच्या ऑफिसात टेबल मांडलं होतं. कोपऱ्यात पिंजरा, पिंजऱ्यात भुऱ्या, छातीला पट्टी, एक डोळा बंद. श्वास घेताना त्याच्या आत काहीतरी घासल्यासारखं वाजायचं. धाकटा आला तसं त्याने कष्टाने शेपूट हलवली. धाकट्याने तोंड फिरवलं.

"बाही कुठल्या हातावर होती?" बाईंनी त्याला विचारलं.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मनातल्या मनात ती त्याला विनवत होती. लहानपणी तो पडला की ती असंच बघायची. तो रडायचा थांबून खरं काय ते सांगून टाकायचा.

"डाव्या," धाकटा म्हणाला.

"बाही डाव्या हातावर होती, तरी त्याने हात फाडला?"

"बाहीच्या बाजूने दात घातले. पिसाळल्यासारखा झाला होता."

बाईंनी लिहून घेतलं आणि पेटी पुढे ओढली. "मग प्रश्नच मिटला. तुमचं काही म्हणणं, ताई?"

खरं सांगावं तर भाऊ कायमचा कामातून उठला असता. दोन मेलेली बोटं आणि संघटनेबाहेर. त्याला दुसरं काही येत नव्हतं. गप्प बसावं तर ती पेटी उघडली असती. ताईने बाही पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"बघा, दाताच्या खुणा नाहीत," ती म्हणाली. "बाही उजव्या हातावर होती. मी बांधली. जखम उजवीकडची होती म्हणून मी बाही फिरवली, आणि कुत्रा डाव्याला शिकवलाय हे घाईत विसरले. शॉटआधी तपासायचं माझं काम, तेही केलं नाही. कुत्र्याने शिकवलं तेच केलं. चूक माझी आहे."

तपासलं नाही, एवढंच त्यात खरं होतं. ते ती मोठ्याने म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून धाकट्याकडे पाहिलं. "तुम्ही तर डाव्या म्हणालात."

ताई वाट बघत होती. अजूनही त्याला बोलता आलं असतं.

"आता नक्की आठवत नाही," धाकटा म्हणाला. "तेव्हा शुद्धच नव्हती. ताई म्हणते तसंच असेल."

बाईंनी आधीचं खोडलं, नवं लिहिलं. ताईचा परवाना रद्द. जनावर खात्याच्या ताब्यात. तिकडे दुसरा शिकवणारा बघेल. परवाना नसलेल्या माणसाने त्याला पुन्हा भेटायचं नाही, भेटलं की जनावर जुन्या सवयीवर जातं. "खाली सही करा," त्या म्हणाल्या, आणि जरा हळू आवाजात पुढे बोलल्या, "जगेल तो. बरगड्या जुळतील." ताईने सही केली.

भुऱ्याला तिने स्वतः गाडीपर्यंत नेलं. त्याला चढता येईना, तर मागचे पाय उचलून चढवलं. त्याने तिचा हात चाटला आणि नेहमीप्रमाणे तीही शेजारी बसेल म्हणून सरकून बाकाजवळ जागा करून दिली. दार लागलं. गाडी फाटकातून वळेपर्यंत आतून एकही भुंकणं आलं नाही. ताईला रडू आवरेना आणि तिने ते आवरलंही नाही.

मागून पावलं वाजली. "तायडे," धाकटा म्हणाला, "तू माझ्यासाठी जे केलंस ना, ते मी जन्मभर…"

ताईने वळून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. चपराक नव्हे, ठोसा. खांद्यातून निघालेला, पाइपचा मार बसलेल्या त्याच खांद्यातून. नाकाचं हाड तिच्या बोटांखाली सरकलेलं तिला कळलं. अकरा वर्षं पडण्याची कला शिकलेला माणूस, पण या वेळी तो कुणाही साध्या माणसासारखा पडला, मोडक्या हातावरच, आणि ओरडला. तिने त्याला गळपट्टी धरून उठवलं आणि पुन्हा मारला. त्याने चुकवायचा प्रयत्न केला नाही. तिसऱ्यांदा तिचा हात उठला आणि तसाच खाली आला.

दारात लाइटदादा उभे होते. कुणी पुढे आलं नाही.

धाकटा भिंतीला टेकून बसला. नाकातून रक्ताची धार शर्टावर सांडत होती. चेहरा आत्तापासूनच सुजायला लागला होता. "मार अजून," तो म्हणाला.

"नाही. घरी जा."

"आई विचारेल. हाताचं तिला माहीत आहे. नाकाचं काय सांगू?"

ताईने रिकामा पट्टा मनगटाला गुंडाळला.

"कुत्रा चावला म्हणून सांग," ती म्हणाली. "तुझ्या सांगण्यावर विश्वास बसतो लोकांचा."

आणि ती फाटकाकडे चालू लागली.